शिकार थांबली, जंगल राखलं. मग अस्वलाला धोका कशाचा?

प्रश्न असा आला आहे: मुलगी व्हँकुव्हरला असते, यंदा सप्टेंबरमध्ये तिच्याकडे जाणार आहोत, तेव्हा ग्रेट बेअर रेनफॉरेस्टमध्ये पांढरी अस्वलं बघायचा बेत आहे. तिथलं ८५ टक्के जंगल तोडीपासून राखलंय, ग्रिझलीची, म्हणजे तिथल्या तपकिरी अस्वलाची, शिकारही बंद झालीय असं वाचलं. मग ही अस्वलं अजून धोक्यात आहेत असं का म्हणतात? आणि आमच्यासारख्यांनी तिथे जाण्याने त्यांना त्रासच होणार का?

दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येतो, कारण पहिल्याचं उत्तर कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

मी मूळचा चंद्रपूरकडचा. लहानपणी अस्वल म्हणजे मोहाची फुलं वेचायला पहाटे गेलेल्या बायकांना आडवं येणारं जनावर, एवढीच ओळख. पुढे शिकायला कॅनडात आलो आणि अकरा हंगाम या किनाऱ्यावर अस्वलांचे केस गोळा करण्यात गेले. हसू नका, कामच तसं आहे. झाडांभोवती गुडघ्याच्या उंचीवर काटेरी तार ताणायची, मधोमध कुजवलेल्या माशाचा अर्क ओतायचा आणि निघून जायचं. वासाने अस्वल येतं, हुंगतं, खायला काहीच नसल्याने परत जातं. जाताना तारेच्या काट्यांवर चार केस सोडतं. दहा-बारा दिवसांनी आपण जायचं, एकेका काट्यावरचे केस चिमट्याने काढून कागदी पाकिटात घालायचे आणि लायटरने काटा जाळून पुढच्या पाहुण्यासाठी स्वच्छ करायचा. केसाच्या मुळातून डीएनए मिळतो, म्हणजे कोणतं अस्वल ते कळतं. केसाच्या लांबीभर साठलेल्या रासायनिक खुणांतून त्या अस्वलाने त्या वर्षी काय खाल्लं ते कळतं. त्या माशाच्या अर्काचा वास मात्र अंगाला नोव्हेंबरपर्यंत पुरतो.

आता जागा. ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा मधला आणि उत्तरेचा किनारा, थेट अलास्काच्या सीमेपर्यंत. सुमारे ६४ लाख हेक्टर, म्हणजे आपल्या अख्ख्या कोकण विभागाच्या दुपटीहून थोडा जास्तच. खाड्या आत शिरलेल्या, समोर शेकडो बेटं, डोंगर सरळ समुद्रात उतरलेले. १९९० च्या दशकाआधी 'ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट' हे नावच नव्हतं. सरकारी कागदांत यातल्या मोठ्या भागाचं नाव 'मिड-कोस्ट टिंबर सप्लाय एरिया' असं होतं, म्हणजे लाकडाचं कोठार. जंगलतोडीविरुद्ध लढणाऱ्यांनी नवं नाव दिलं आणि ते टिकलं. पुढची वीस वर्षं रस्ते अडवणं, बहिष्कार, वाटाघाटी हे सगळं झालं, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये २६ फर्स्ट नेशन्स (म्हणजे तिथले मूळ रहिवासी समाज), प्रांत सरकार, लाकूड कंपन्या आणि पर्यावरण संस्था यांचा अंतिम करार जाहीर झाला. तुम्ही वाचलेले ८५ टक्के ते हेच. पण ते ६४ लाख हेक्टरचे ८५ टक्के नव्हेत. या प्रदेशात खडक, बर्फ, दलदल पुष्कळ आहे; प्रत्यक्ष जंगल सुमारे ३६ लाख हेक्टर, आणि त्याचे ८५ टक्के. उरलेल्यात वर्षाला २५ लाख घनमीटरपर्यंत लाकूड काढायला परवानगी. करार चांगलाच आहे, जगात असे फार थोडे झाले असतील. तरी तो झाडांचा करार आहे. अस्वलाच्या वर्षातला बराच भाग त्याच्या बाहेर पडतो.

पांढऱ्या अस्वलाबद्दलचे गैरसमज आधी काढून टाकू. ते ध्रुवीय अस्वल नव्हे आणि अल्बिनो, म्हणजे अंगात रंगद्रव्यच नसलेलं, असंही नव्हे. डोळे आणि नाक त्याचे नेहमीसारखे गडदच असतात. ते काळं अस्वलच आहे, अमेरिकन काळ्या अस्वलाची किनारी उपजात. शास्त्रीय नावातलं 'केरमोडी' हे व्हिक्टोरियाच्या संग्रहालयाचे प्रमुख फ्रान्सिस केरमोड यांच्यावरून, १९०५ मध्ये दिलेलं. एमसी१आर या जनुकातलं एक अक्षर बदललं की केसात गडद रंगद्रव्य तयार होत नाही. माणसातले लाल केसही याच जनुकाच्या वेगळ्या बदलांमुळे येतात. अट एकच, बदललेली प्रत आई आणि बाप दोघांकडूनही यायला हवी. एकच आली तर अस्वल काळंकुळकुळीत, पण पोटात पांढरा वारसा घेऊन फिरणारं. त्यामुळे दोन काळ्या अस्वलांच्या पोटी पांढरं पिल्लू येतं. सर्वांत जास्त प्रमाण ग्रिबेल बेटावर आणि शेजारच्या प्रिन्सेस रॉयल बेटावर.

तिथल्या सिमशियन लोकांच्या भाषेत त्याला 'मोक्सगमोल' म्हणतात. कावळ्याने जग हिरवं केलं, पण कधीकाळी सगळीकडे बर्फ होतं याची आठवण राहावी म्हणून दहा अस्वलांत एक पांढरं केलं, अशी गोष्ट आहे. क्लेमटू गावातले लोक आणखी एक सांगतात: कातडीचे व्यापारी आले तेव्हा आमच्या वाडवडिलांनी या अस्वलाबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही असं ठरवलं होतं. संरक्षणाचा सर्वांत जुना कायदा तोच म्हणायचा.

पांढरेपणाचा फायदाही आहे. टॉम राइमखेन आणि डॅन क्लिंका यांनी ग्रिबेलवर ओढ्याकाठी रात्रंदिवस बसून मासे पकडण्याचे प्रयत्न मोजले. दिवसा काळ्या अस्वलाचा चार झेपांत एखादा मासा, पांढऱ्याचा तिनांत एक. रात्री दोघं सारखेच. पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला फिकट आभाळासमोर फिकट आकार नीट दिसत नाही, हे त्याचं स्पष्टीकरण.

शिकारीचं आधी उरकतो, कारण तिथे खरंच काम झालंय. ग्रिझलीची हौसेखातर शिकार डिसेंबर २०१७ मध्ये संपूर्ण प्रांतात बंद झाली. त्याआधी वर्षाला अडीचशेच्या आसपास ग्रिझली मारले जायचे. पण त्याच्या कितीतरी आधी किनाऱ्यावरच्या लोकांनी आपापले मार्ग काढले होते. परदेशी किंवा बाहेरच्या शिकाऱ्याला परवानाधारक वाटाड्याशिवाय शिकार करता येत नाही आणि त्या त्या प्रदेशाचा परवाना एकाकडेच असतो. रेनकोस्ट कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनने २००५ मध्ये सरळ एक परवानाच विकत घेतला, सुमारे २४,७०० चौरस किलोमीटरचा, आणि शिकारी नेणंच थांबवलं. मला हा उपाय फार आवडतो. भांडण नाही, मोर्चा नाही, खरेदीखत. २०१२ मध्ये किनाऱ्यावरच्या फर्स्ट नेशन्सनी आपल्या भूमीत हौशी शिकार बंद असल्याचं जाहीर केलं. सरकारने ते मानलं नाही. पुढच्याच वर्षी एका नामवंत हॉकीपटूचा ग्रिझलीच्या मुंडक्यासह फोटो वर्तमानपत्रांत आला आणि लोक खवळले. बंदीला त्या फोटोनेही हातभार लावला असं माझं मत.

पांढऱ्या अस्वलाला मारायला बंदी जुनीच. ते २००६ पासून प्रांताचं मानचिन्ह असलेला प्राणी आहे. पण ज्याच्यामुळे पांढरं पिल्लू जन्माला येतं त्या काळ्या अस्वलाची शिकार मात्र कायदेशीर होती! अस्वलाकडे बघून त्याच्या पोटात कोणतं जनुक आहे हे शिकाऱ्याला काय, ब्रह्मदेवालाही कळणार नाही. ही विसंगती २०२२ च्या उन्हाळ्यात दूर झाली. कितासू-हायहाइस आणि गितगाट या दोन नेशन्सच्या भूमीतल्या ८,००० चौरस किलोमीटरहून मोठ्या पट्ट्यात काळ्या अस्वलाची शिकारही बंद झाली. ब्रिटिश कोलंबियात लोक चाळीस वर्षं पांढऱ्या अस्वलाचे पोस्टर लावत होते. काळ्याकडे लक्ष जायला इतका वेळ लागला.

आता मुख्य मुद्दा. या अस्वलांचं पोट जंगलात नाही, समुद्रात आहे.

एप्रिल-मेमध्ये अस्वल बाहेर येतं तेव्हा खाडीच्या तोंडाशी लव्हाळ्याची कोवळी पाती आलेली असतात. ते गाईसारखं चरत बसतं. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा, त्याची अंडी किनाऱ्यावर चिकटलेली असली तर ती चाटतं. ओहोटीला दगड उलथून शिंपले-खेकडे खातं. उन्हाळ्यात बोरवर्गी फळं. पण या सगळ्यावर फक्त दिवस निघतात. हिवाळ्याची चरबी येते ती ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत नद्या-ओढ्यांत चढणाऱ्या सॅमनमधून. (आपल्याकडे बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणून विकतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) पिंक, चम, कोहो, सॉकाय, चिनूक अशा पाच जाती. समुद्रात वाढायचं, जन्मल्या ओढ्यात परत यायचं, अंडी घालायची आणि मरायचं. मासे मुबलक असले की अस्वल लाडावतं: मेंदू आणि गाबोळी खाऊन बाकीचा मासा फेकून देतं. तो ओढ्याकाठच्या जंगलात कुजतो, आणि समुद्रातला नायट्रोजन सीडर-स्प्रूसच्या खोडांत सापडतो. म्हणजे आपण ज्या झाडांसाठी करार केला त्यांनाही हाच मासा खत घालतो.

मादीच्या बाबतीत हा हिशोब अधिक कडक. मीलन मे ते जुलैमध्ये होतं, पण फलित अंडं लगेच गर्भाशयात रुजत नाही. ते नोव्हेंबरपर्यंत थांबून राहतं. अंगावर चरबी पुरेशी असेल तर रुजतं, नाहीतर शरीर ते सोडून देतं. पिल्लू मेलेलं कुणाला दिसत नाही, प्रेत नाही, पंचनामा नाही. ते जन्मालाच येत नाही. माशांच्या टंचाईचा फटका गणतीत उशिरा का दिसतो, याचं हे कारण.

कधी मात्र तो उघड दिसतो. १९९९ मध्ये रिव्हर्स इनलेट या खाडीत हे झालं. एकेकाळी दहा लाखांहून जास्त सॉकाय जिथे परतायचे, तिथे त्या वर्षी काही हजार परतले. शरद ऋतूत हाडांचे सापळे झालेले ग्रिझली वुइकिनुख लोकांच्या गावात शिरले, कचऱ्यात, अंगणात, दारात. त्यांतले कित्येक गोळ्या घालून मारावे लागले. जंगल तिथे होतं. मासा नव्हता.

आणि ऑक्टोबर २०२२. पावसासाठी प्रसिद्ध असलेल्या या किनाऱ्यावर सप्टेंबर कोरडा गेला. बेला बेला गावाजवळच्या नीकस ओढ्यात मासे चढले आणि पाणीच आटलं. सुमारे ६५,००० सॅमन, बहुतेक पिंक, अंडी न घालताच मेले. त्या वर्षी अस्वलांची चंगळ झाली असं काहींनी लिहिलं. खरं आहे, दोन आठवडे झाली असेल. पण त्या अंड्यांतून दोन वर्षांनी जे मासे परतायचे ते कुठून आणणार?

माशांची घट एका कारणाने नाही. समुद्र तापतोय, ओढे तापतायत, जुन्या तोडीने ओढ्यांचे काठ खचलेत, आणि मासेमारी तर आहेच. अलास्काचे मच्छिमार ब्रिटिश कोलंबियाकडे निघालेला मासाही वाटेतच पकडतात. त्यावर दोन्ही देशांत जुनं भांडण आहे. माझी मुख्य तक्रार हिशोबाच्या पद्धतीवर आहे. मत्स्यव्यवसायाचं खातं ठरवतं की पुढच्या पिढीसाठी ओढ्यात इतके मासे पोचले पाहिजेत, वरचे पकडा. त्या पंगतीत अस्वलाचं पान मांडलेलंच नसतं. त्याच्यासाठी थोडे जास्त मासे वर जाऊ द्यावेत असं संशोधक सांगत आलेत, आकडे मांडून सांगत आलेत. उलट मासे मोजले जाणाऱ्या ओढ्यांची संख्याच १९८० च्या दशकापासून घसरत आलीय. जो ओढा कुणी मोजत नाही त्यातली घट कागदावर येत नाही. आमच्या केसांतून मात्र ती येते: माशांचा वाटा कमी मिळालेल्या ग्रिझलींच्या केसांत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक जास्त सापडतं, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

मासा सोडून जंगलाकडे येऊ, कारण तिथेही सगळं आलबेल नाही. चंद्रपूरचं अस्वल खडकाच्या कपारीत पिल्लं घालतं. इथे मुसळधार पाऊस, जमीन ओली, कपारीत पाणी. म्हणून किनाऱ्यावरचं काळं अस्वल हिवाळा काढतं ते प्रचंड सीडरच्या ढोलीत किंवा बुंध्याखालच्या पोकळीत. (नाव सीडर असलं तरी हिमालयातल्या देवदाराच्या कुळातलं हे झाड नव्हे.) व्यास मीटरभराहून जास्त, आत कुजून पोकळ झालेलं, म्हणजे वय शतकांमध्ये. एकदा जंगल तोडलं आणि नवं लावलं की ते साठ-ऐंशी वर्षांत पुन्हा तोडीला येतं. ढोली तयार व्हायला लागतो त्याच्या कित्येक पट वेळ. लाकूडवाल्याला नदीकाठच्या सपाटीवरचा मोठा सीडर हवा असतो, आणि अस्वलालाही नेमका तोच. उरलेल्या १५ टक्क्यांत असे सीडर आहेत. तोडीआधी ढोली शोधून भोवतीची झाडं राखायची पद्धत काही ठिकाणी सुरू झालीय. ती शोधणाऱ्याच्या डोळ्यांवर आणि घाईवर अवलंबून.

रस्त्यांचं एकच सांगतो. प्रांताच्या महालेखापालांनी २०१७ मध्ये ग्रिझलींवर अहवाल दिला, तेव्हा सगळ्या देशात शिकारीवरून वाद पेटलेला होता. अहवाल म्हणाला, शिकार हा सर्वांत मोठा धोका नाहीच. अधिवासाची मोडतोड हा आहे. प्रांतात लाकूड-खाणींसाठी केलेले सुमारे ६ लाख किलोमीटर रस्ते, आणि दरवर्षी त्यात भर. किनाऱ्यावर ते आतल्या भागापेक्षा कमी, एवढाच दिलासा.

ज्यांना पांढऱ्या अस्वलाचीच ओढ आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. २०२० मध्ये केसांच्या नमुन्यांवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात त्या नेशन्सचे लोकही लेखक होते. पांढरं करणारं जनुक आधीच्या अंदाजापेक्षा जवळजवळ निम्म्यापर्यंत विरळ निघालं, आणि ते जिथे जास्त आहे त्यातल्या साधारण निम्म्या जागा संरक्षित क्षेत्राबाहेर निघाल्या. दुसरं, ग्रिझली आता मुख्य भूमीवरून पोहत बेटांवर येऊन राहू लागलेत. २०१४ च्या अभ्यासाने ते नोंदवलं. स्थानिक लोक त्याआधीपासून सांगत होते, त्यांचं ऐकायला आपल्याला उशीर झाला. ग्रिझली आला की काळं अस्वल चांगली जागा सोडतं, काळं असो की पांढरं. यात खलनायक कुणी नाही. ग्रिझलीही माशामागेच आलाय. पण पांढऱ्यांची संख्या मुळात इतकी थोडी की एका चांगल्या ओढ्याची अदलाबदलही जाणवते.

जहाजांचं भय इथे जुनं आहे. मार्च २००६ मध्ये 'क्वीन ऑफ द नॉर्थ' ही प्रवासी बोट हार्टली बे गावाजवळ गिल बेटावर आपटून बुडाली. मध्यरात्री गावकऱ्यांनी आपल्या होड्या काढून लोकांना वाचवलं. बोटीतलं इंधन मात्र त्यांच्या शिंपल्यांवर आलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये बेला बेलाजवळ 'नेथन ई. स्ट्युअर्ट' नावाची टगबोट खडकावर चढली, एक लाख लिटरहून जास्त डिझेल सांडलं. त्याच नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने नॉर्दर्न गेटवे ही तेलवाहिनी नाकारली आणि २०१९ मध्ये या किनाऱ्यावर मोठ्या तेलवाहू जहाजांना कायद्याने बंदी आली. द्रवरूप वायूच्या जहाजांना ती लागू नाही. किटिमाट बंदराहून ती २०२५ पासून जाऊ लागली आहेत, डग्लस खाडीतून, हार्टली बे आणि ग्रिबेलच्या अंगाने. वायू तेलासारखा किनाऱ्याला चिकटत नाही, हे कबूल. पण एवढ्या अरुंद वाटेवर रहदारी वाढली की अपघाताची शक्यता वाढणारच, आणि प्रत्येक जहाजात त्याचं स्वतःचं इंधन असतं.

भुकेलं अस्वल शेवटी माणसाकडे येतं. २०२३ मध्ये प्रांतभरात वन्यजीव अधिकाऱ्यांनी ६०० हून जास्त काळी अस्वलं मारली, बहुतेक वस्तीत कचरा, फळझाडं, कुत्र्याचं खाणं यांच्या मागे आलेली. तुमच्या लेकीच्या व्हँकुव्हरच्या उत्तर उपनगरांतही हे होतं. कचऱ्याचा डबा आदल्या रात्री बाहेर ठेवू नकोस एवढं तिला सांगा.

आता तुमचं जाणं. जा. २०१४ च्या एका अर्थशास्त्रीय पाहणीत अस्वलं दाखवण्याच्या व्यवसायात ५१० लोकांना काम मिळालेलं दिसलं, तर शिकारी वाटाड्यांच्या व्यवसायात ११ जणांना. शिकारबंदीच्या बाजूने हा आकडा फार उपयोगी पडला. त्रास होतो का? नाइट इनलेट या खाडीच्या बाजूला झालेल्या एका अभ्यासात गमतीची गोष्ट आढळली: मोठे नर माणसं असताना ओढ्यावर येत नाहीत, आणि पिल्लं असलेल्या माद्या नेमक्या त्या वेळात येऊन निवांत मासे खातात. माणूस त्यांच्यासाठी ढाल ठरतो. अर्थात वेळ ठरलेली, गट लहान, बोलणं बंद, खायला काही नाही, हे पाळलं तरच. मनाला येईल तेव्हा येणाऱ्या होड्या मादीला आणि नराला दोघांनाही उठवतात.

म्हणून क्लेमटूचे कितासू-हायहाइस किंवा हार्टली बेचे गितगाट लोक स्वतः चालवतात त्या सहलींबरोबर जा. त्यांचेच पहारेकरी वर्षभर त्या ओढ्यांवर असतात आणि पैसा तिथेच राहतो. महाग पडेल. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा चांगला. पांढरं दिसेलच असं धरून जाऊ नका. मी एका हंगामात सलग तेवीस दिवस बसलो आणि काळी सोडून काही दिसलं नाही. त्या काळ्यांतलं निदान एखादं तरी पांढरा वारसा वाहत असणार, हे लक्षात ठेवून बघितलं तर वेळ वाया जात नाही. आणि छत्री घरी ठेवा, तिथल्या पावसात ती टिकत नाही. गमबूट तेवढे चांगले घ्या.